विधी कोणाचे, ओळख कोणाची? बौद्ध समाजातील संस्कारविधी आणि आजचे जगणे

लग्नपत्रिका हातात आली की आपल्या समाजातला माणूस सगळ्यात आधी तिचा माथा पाहतो. तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांची चित्रे आहेत का, ‘शुभविवाह’ छापले आहे की ‘मंगल परिणय’, वेळेच्या आधी ‘मुहूर्त’ हा शब्द आलाय का. मुलामुलीची नावे वाचण्याआधीच घर कोणत्या विचाराचे आहे ते कळते. अलीकडे मात्र त्याच पत्रिकेच्या मागच्या बाजूला ‘हळदी समारंभ, सायं. ७ वाजता’ अशी ओळ दिसू लागली आहे. पुढच्या पानावर बुद्ध आणि मागच्या पानावर हळद, यावरून घराघरांत वाद होतात. आम्ही वस्त्यांमध्ये काम करताना हे वाद जवळून पाहिले आहेत. आजी म्हणते आम्ही हे १९५६ लाच सोडले, नात म्हणते फोटो काढायला काय हरकत आहे, आणि वडील दोघींच्या मध्ये गप्प बसतात.

वाद हळदीचा दिसतो, पण प्रश्न त्याहून मोठा आहे. एखाद्या समाजाचे देशज विधी, म्हणजे त्याने आपल्या मातीत आणि आपल्या जगण्यातून घडवलेले विधी, त्या समाजाची ओळख कशी घडवतात? आणि ज्या समाजाने आपले जुने विधी एका निर्णयाने बाजूला ठेवून नवे घडवले, त्याच्यासाठी ‘आपले’ कोणते?

विधी नेमके काय करतो

समाजशास्त्रात या प्रश्नाचा अभ्यास शंभर वर्षांहून जुना आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दर्खाइम यांनी १९१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील आदिम समूहांच्या विधींवर लिहिलेल्या ग्रंथात असे मांडले की माणसे विधीसाठी एकत्र येतात तेव्हा त्यांना आपण एक समूह आहोत याची प्रत्यक्ष जाणीव होते. त्याआधी १९०९ मध्ये अर्नोल्ड व्हान जेनेप यांनी जन्म, विवाह, मृत्यू या टप्प्यांवरच्या विधींचा अभ्यास करून दाखवले की माणूस एका स्थितीतून दुसरीत जाताना समाज त्याला विधीच्या आधाराने पार नेतो.

पण या मांडणीत आपल्या दृष्टीने एक उणीव राहते. समूह एकत्र येतो हे खरे, पण त्या समूहात कोण कुठे उभा राहतो? भारतातल्या गावात विधीने माणसे जोडली, तशीच ती पायऱ्यांवरही बसवली.

गावगाड्यातले विधी

१९५६ पूर्वी महार समाजाकडे विधी नव्हते असे नाही. उलट गावच्या सणावारात त्याचे काम ठरलेले असे. मेलेले जनावर ओढणे, मयताची वर्दी परगावी पोचवणे, दसऱ्याच्या रेड्याचे काम, मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेणे. काही गावांत तर गावच्या होळीला विस्तव महारवाड्यातल्या होळीतून नेण्याची प्रथा होती. वरवर हा मान वाटतो, आणि काही अभ्यासकांनी त्याला मान म्हटलेही आहे. पण ज्या हातांचा विस्तव चालतो त्याच हातांचे पाणी चालत नव्हते. अशा विधीत सहभाग मिळत होता तो जातीची पायरी पुन्हा एकदा पक्की करण्यासाठी.

वाड्याच्या आतले विधी वेगळे होते. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये आषाढाचे वर्णन आहे. वर्षभर उपाशी राहणाऱ्या वस्तीत त्या महिन्यात घरे सारवली जात, अंगात येई, पोतराज सोडले जात. ज्या बाईला एरवी घरात कोणी विचारत नसे, तिच्या अंगात आले की सगळे तिच्या पाया पडत. बेबीताई हे सगळे मायेने लिहितात, पण त्याचे समर्थन करत नाहीत, आणि आम्हाला त्यांचे हेच मोठेपण वाटते. थोरला मुलगा पोतराज म्हणून देवीला वाहिला की त्याच्या हाती आयुष्यभर आसूड येई, शाळा नव्हे. ही किंमत त्या लपवत नाहीत.

बाबासाहेबांनी ओळख आणि खुणा यांचा संबंध फार लवकर ओळखला होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले की अंगावरचे कथलाचे, चांदीचे जड दागिने आणि लुगडे नेसण्याची ती ठरावीक पद्धत तुमची जात दुरून सांगते, ती सोडा. त्या खुणा स्त्रियांच्या सवयीच्या होत्या, पण निवडलेल्या नव्हत्या. विधींचेही तसेच होते.

१९५६ आणि नव्या विधींची घडण

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांकडे विधींच्या अंगाने पाहिले तर एक गोष्ट ठळक दिसते. सहावी प्रतिज्ञा श्राद्ध आणि पिंडदान नाकारते, आठवी ब्राह्मणाच्या हातून कोणतेही क्रियाकर्म करून घेण्याचे नाकारते. म्हणजे जन्मापासून मरणापर्यंतचे सगळे जुने विधी एका दिवसात बंद. लोकांनी देव्हाऱ्यातले टाक, मूर्ती नदीत, विहिरीत सोडल्या. आजही अनेक घरांत हे सांगणारी माणसे भेटतात.

पण घरात मूल जन्मतेच, माणूस मरतोच. रिकाम्या जागेत काही आले नसते तर जुनेच परत आले असते. बाबासाहेबांना याची कल्पना होती. ४ मे १९५५ रोजी त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली होती. ‘बौद्ध पूजापाठ’ ही छोटी पुस्तिका त्यांनी तयार केली, जी पुढे महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात पाली व्याकरण आणि शब्दकोशाबरोबर आली. महापरिनिर्वाणाच्या अगदी आधीच्या दिवसांत लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी बौद्ध विवाह कसा करावा हेही सांगितले आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये पाण्याने भरलेला नवा मातीचा घट, त्यात सोडलेल्या सुताची दोन टोके दोघांच्या हाती, मंगलसुत्ताचे पठण आणि पांढरी वस्त्रे. एवढेच. शेतमजुराला परवडेल आणि कोणाच्याही अंगणात होईल असा हा विधी होता.

पुढची घडण लोकांनी केली. बौद्धाचार्य तयार झाले, श्रामणेर शिबिरे सुरू झाली, अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या आल्या. नामकरण, गृहप्रवेश, जलदान, पुण्यानुमोदन यांची पद्धत बसत गेली. सिद्धार्थ, राहुल, सुजाता, संघमित्रा ही नावे घराघरांत आली. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन होऊ लागले. एकेकाळी पोतराजाच्या हलगीने ओळखला जाणारा आषाढ महिना अनेक वस्त्यांत आता ग्रंथवाचनाने ओळखला जातो. आम्हाला हा बदल अनेक मोर्च्यांपेक्षा मोठा वाटतो.

ओळख किती वेगाने बदलली याचा अंदाज जनगणनेतून येतो. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. २०११ मध्ये राज्यात ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले आणि देशात ८४ लाख ४३ हजार. रकान्यात ‘बौद्ध’ लिहिणे हे एका दिवसाचे काम आहे. ती ओळख घरात टिकली ती वंदना, मंगल परिणय आणि जलदानामुळे.

कर्मकांडाचा आक्षेप

आपल्यातल्या काही सुशिक्षित बांधवांचा यावर आक्षेप असतो. बुद्धाने कर्मकांड नाकारले, मग मेणबत्ती, फुले, पाली गाथा कशाला? नोंदणी कार्यालयात सह्या करा आणि घरी या.

आक्षेपात तथ्य आहे. परित्राणपाठानंतर मनगटावर बांधलेला पांढरा दोरा काही जण गंड्यासारखा जपतात, परीक्षेला जाताना मुलाच्या हातात तो आहे ना ते बघतात. पालीचा अर्थ विचारला तर अनेक घरांत उत्तर मिळत नाही. ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या १९३६च्या निबंधात बाबासाहेबांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म यांत फरक केला आहे. गाथा नुसती पाठ झाली, तत्त्व हरवले, तर आपला विधीही नियमांच्याच बाजूला जाऊन बसतो. त्यावर उपाय म्हणून काही बौद्धाचार्य प्रत्येक गाथेनंतर दोन वाक्यांत मराठी अर्थ सांगतात. दहा मिनिटे जास्त लागतात, लोक कुरकुर करतात, पण ऐकतात.

विधीच नको म्हणणाऱ्यांना मात्र कायद्याची एक बाजू सांगावीशी वाटते. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा त्याच्या कलम २ नुसार बौद्धांनाही लागू होतो. नाव खटकते, त्याबद्दल स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणीही जुनी आहे. पण आज कायदा हाच आहे. त्याच्या कलम ७ नुसार विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींप्रमाणे व्हावा लागतो. सप्तपदी जिथे रूढ आहे तिथेच ती आवश्यक, म्हणजे आपल्याला सप्तपदीची गरज नाही. पण विधी झाला पाहिजे. दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्यात ते लग्न आवश्यक विधींसह झाले होते हे सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये भाऊराव लोखंडे खटल्यात म्हटले. २०२४ मध्ये याच न्यायालयाने सांगितले की या कायद्याखाली विधीच झाला नसेल तर नुसते नोंदणीचे प्रमाणपत्र विवाह सिद्ध करत नाही. (विशेष विवाह कायदा, १९५४ खाली केलेली नोंदणी वेगळी. तिथे विधीची अट नाही.)

हे पुस्तकी नाही. टाकून दिलेल्या बाईला पोटगीसाठी उभे राहायचे असते तेव्हा विधीचे फोटो, बौद्धाचार्यांची नोंदवही, साक्षीदारांची नावे हाच तिचा आधार असतो. आमच्याकडे आलेल्या एका ताईच्या लग्नाचे तीन तासांचे व्हिडिओ होते, पण सगळे हळदीचे आणि वरातीचे. घट, सूत, प्रतिज्ञा यांचा एक फोटो नव्हता. सुदैवाने बौद्धाचार्यांनी वही जपली होती.

जुने सगळेच टाकायचे का?

गेल्या काही वर्षांत एक नवा सूर ऐकू येतो. आपण इथले मूळचे, मरीआई, खंडोबा, म्हसोबा ही आपली लोकदैवते, त्यांना टाकणे म्हणजे आपल्याच संस्कृतीला टाकणे, असा तो सूर. या म्हणण्यातली ओढ आम्हाला समजते. आज्याने काय गायले, आजीने काय पुजले हे जाणून घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण विधी जुना आणि इथला आहे एवढ्याने तो आपला ठरत नाही. त्यात आपण कुठे उभे होतो हे पाहावे लागते. पोतराजाचे केस आणि आसूड संग्रहालयात जपावेत, त्याचे गाणे ध्वनिमुद्रित करावे. मूल मात्र पुन्हा वाहायचे नाही.

शिवाय जे जपण्यासारखे होते ते आपल्या बायाबापड्यांनी केव्हाच जपले आहे, कोणाला न विचारता. जात्यावरच्या ओव्या घ्या. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. जाते तेच, चालही तीच, पण ओवीत विठ्ठलाच्या जागी भीमराव आले. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज घेतला आणि गणातली गणेशस्तुती काढून टाकली. वामनदादा कर्डकांची गाणी आज जयंतीच्या मिरवणुकीत जशी वाजतात तशीच बारशालाही म्हटली जातात. रूप जुने ठेवून आशय बदलण्याचे हे काम कोणत्याही परिषदेत ठरले नव्हते.

आता हळदीकडे येऊ. हळद हे शेतातले पीक आहे, ती कोणत्या धर्माची मालकी नाही. सांगलीच्या बाजारात ती पोत्यांनी विकली जाते. बहिणींनी भावाच्या गालाला हळद लावून हसावे, याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती ‘पाच सवाष्णींनी’ लावण्याला. त्या शब्दाबरोबर विधवा मावशी भिंतीशी सरकते, मूल नसलेली वहिनी स्वयंपाकघरात जाते. दुसरी हरकत खर्चाला. मंगल परिणय दोन हजारांत होतो आणि हळदीच्या डीजेसाठी बचत गटातून कर्ज काढले जाते, मग हप्त्यांच्या वेळी तेच घर आमच्यासमोर बसते.

शेजारच्या समाजांकडे पाहताना

आदिवासी समाजांपुढे हाच प्रश्न वेगळ्या बाजूने आला आहे. त्यांना नवे विधी घडवायचे नाहीत, असलेले विधी स्वतंत्र म्हणून मान्य करून घ्यायचे आहेत. झारखंड विधानसभेने ११ नोव्हेंबर २०२० रोजी जनगणनेत सरना धर्माची स्वतंत्र नोंद असावी असा ठराव केला, तो याच मागणीतून. आपल्याकडे पालघर-डहाणूच्या वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे स्त्री. भिंतीवर देवचौक लिहिला जातो आणि पालघट देवीचे चित्र आल्याशिवाय लग्न पुढे जात नाही. जिव्या सोमा म्हशे यांच्यामुळे ही चित्रकला जगभर गेली. आता ती टी-शर्टवर, हॉटेलांच्या भिंतींवर दिसते, तिथे चौकाची नक्षी आहे पण लग्नही नाही आणि धवलेरीही. आदिवासी बांधवांनी कोणता धर्म लिहावा हे आपण त्यांना शिकवायला जाऊ नये. पण बाईने लग्न लावण्याची गोष्ट शिकण्यासारखी आहे. आपल्या अनेक तालुक्यांत आजही बौद्धाचार्यांच्या यादीत बाईचे नाव शोधावे लागते.

जलदान

विधी खरोखर आपला झाला आहे का, हे लग्नात कळत नाही, मयतात कळते. लग्नात वेळ असतो, नातेवाईक समजूतदार असतात. मरणाच्या वेळी माणूस भेदरलेला असतो आणि वाड्यातली सगळ्यात वयस्क व्यक्ती जे सांगेल ते करतो.

आपल्या पद्धतीत पिंड नाही, कावळ्याची वाट पाहणे नाही, मुंडन नाही. काही दिवसांनी नातेवाईक जमतात, त्रिशरण-पंचशील होते, घरचे लोक हात लावून एका भांड्यातले पाणी ताटातल्या रिकाम्या वाटीत सोडतात, ती भरून वाहू लागते, आणि मृताच्या नावाने केलेल्या चांगल्या कामाचे पुण्य सर्वांना अनुमोदिले जाते. हा जलदानविधी श्रीलंका, ब्रह्मदेश अशा थेरवादी देशांतल्या परंपरेशी नाते सांगतो. आपल्याकडे त्याला दानाची जोड मिळाली. विहाराला पुस्तके, शाळेला पंखा, वस्तीतल्या मुलीची फी.

तरीही अनेक ठिकाणी जलदान नेमके दहाव्या किंवा तेराव्या दिवशीच ठेवले जाते, कारण पाहुणे तेच धरून येतात. आणि त्याहून वाईट म्हणजे अंत्ययात्रा निघण्याआधी मागच्या खोलीत चार बायका नवऱ्याच्या दुःखात बसलेल्या बाईच्या बांगड्या फोडतात. बाहेर ओट्यावर बुद्धवंदना चालू असते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे परिपत्रक काढले. तेव्हा आम्हाला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. हा ठराव आपल्या वस्त्यांत ६५ वर्षे आधी व्हायला हवा होता. पाण्याच्या घटावर लग्न लागलेल्या बाईच्या बांगड्यांचा आणि नवऱ्याच्या जगण्या-मरण्याचा संबंध कुठून आला?

दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गावात आम्ही जलदानाला बसलो होतो. गेलेल्या माणसाला मुलगा नव्हता. भांड्याला हात कोणी लावायचा यावर पुतण्याचे नाव पुढे आले. बौद्धाचार्य म्हातारे होते, त्यांनी डोळे वर न करता विचारले, “बायको कुठंय?” ती आतल्या खोलीत होती. तिला बोलावले, तिच्या दोन्ही मुलींनाही बोलावले. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, आणि त्या काढायच्या की ठेवायच्या यावर आत सकाळपासून कुजबुज चालू होती. तिघींनी मिळून भांडे धरले. वाटी भरून पाणी ताटात उतरेपर्यंत कोणी काही बोलले नाही. मग थोरल्या मुलीने वडिलांच्या नावाने गावच्या वाचनालयाला पाच हजार रुपये दिल्याचे सांगितले आणि सगळे जेवायला उठले.